आठ बेचाळीसचा गोळा

माझी पत्नी कडूबाई हिच्या दहाव्याला, सकाळी आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी, मी आकाशातून एक जळता गोळा जाताना पाहिला. वेळ पक्की आहे. मी बत्तीस वर्षं वायरमन होतो. लाईन कधी गेली आणि कधी आली हे वहीत लिहायचं असायचं, त्यामुळे काहीही झालं की माझी नजर आधी घड्याळावर जाते. गोळा पांढरा होता, कडेनं हिरवट. पश्चिमेला चिंचेच्या शेंड्यावरून निघाला आणि उत्तरेकडं उतरत गेला. चार सेकंद. मागं धुराची रेघ राहिली.

घाटावर तेव्हा दीडशे माणसं होती. एकानंही तो पाहिला नाही, कारण सगळे कावळा बघत होते.

मी रेघेकडं बोट दाखवलं तेव्हा एकजण म्हणाला, शिर्डीला विमान चाललं असंल. तीन मिनिटांनी लांबून धडधडल्यासारखा आवाज आला. तेव्हा दुसरा म्हणाला, नगरला लष्कराची फायरिंग चालू आहे. नगर जिल्ह्यात हीच अडचण आहे. वर काही दिसलं तर ते शिर्डीचं असतं आणि कानावर काही आलं तर ते लष्कराचं असतं. तिसरं काही असायला जागाच नाही. तिसऱ्यानं तर मला खांद्याला धरून सांगितलं, "आबा, कुठंतरी तार शॉर्ट झाली असंल." हे मला, ज्यानं बत्तीस वर्षं तारा शॉर्ट होतानाच बघितल्या.

आता कावळ्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळं झालं.

कावळा तासभर येत नव्हता. पिंडं मांडली होती, पानावर भात, वरण, वड्या आणि तिला आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी. चिंचेवर सात-आठ कावळे होते, पण खाली यायचं नाव नाही. अशा वेळी नातेवाइकांनी एकेकानं पुढं होऊन गेलेल्या माणसाला वचन द्यायचं असतं. तिचा जीव कशात अडकला आहे ते ओळखायचं, ते पुरं करतो म्हणायचं. ओळखलं बरोबर असलं तर कावळा शिवतो.

पहिल्यांदा तिचा भाऊ अजिनाथ पुढं झाला. म्हणाला, बांधावरच्या आंब्याचे निम्मे आंबे दरवर्षी तुझ्या पोराला पोचवीन. एका कावळ्यानं मान वळवली, इतकंच. मग तिची थोरली बहीण बनाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "कडू, तुझी पैठणी मी ठिवणार न्हाई, तुझ्या सुनंलाच दीन." पैठणी बनाबाईंकडं आहे हे आम्हाला तिथं कळलं. आम्ही ती चार वर्षं शोधत होतो. कावळा तरीही आला नाही.

शेवटी माझा मुलगा योगेश पुढं झाला. तो पुण्याला कंपनीत आहे. रडत, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाला, "आई, पप्पांना मी एकटं ठेवणार नाही. पुण्याला घेऊन जातो."

आणि कावळा शिवला.

लोकांनी सुस्कारा सोडला. बनाबाईंनी पदर डोळ्याला लावला. त्या क्षणी माझी नजर वर होती. पोलवर काम करणाऱ्या माणसाची नजर वरच असते. कडूबाई मला आयुष्यभर सांगायची, खाली बघून चाला, ठेच लागंल. म्हणजे दीडशे लोकांनी कावळा पाहिला आणि मी एकट्यानं गोळा पाहिला.

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं पुण्याला जाणं ठरलेलं आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कोण, कावळ्यानंच सही केली होती.

योगेशच्या घराला नावं ठेवायला जागा नाही. सून सायली चांगली आहे, माझ्याशी दोन शब्द जास्तच बोलते. पण फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे आणि तिथल्या तारा सगळ्या जमिनीखालून गेल्या आहेत. गॅलरीत उभं राहून वर बघितलं तर काहीच दिसत नाही. इथं माझं दोन खोल्यांचं घर आहे. स्वयंपाकघरात फळीवर तिनं लावलेली डब्यांची ओळ आहे. हळदीच्या डब्यात जिरं आहे आणि जिऱ्याच्या डब्यात चहापूड. हे फक्त तिला आणि मला माहीत आहे. ती ओळ टेम्पोत घालून नेता येत नाही. डबे नेता येतात.

तेव्हा मी विचार केला आणि मला एक मुद्दा सापडला. संध्याकाळी सगळे बसलेले असताना मी तो मांडला.

"आक्का," मी बनाबाईंना म्हणालो, "कावळा वचनाला शिवलेला नाही. वरून गोळा गेला, उजेड पडला, त्याला घाबरून तो खाली उतरला. खाली पान होतं."

"पाव्हणं," बनाबाई म्हणाल्या, "तुमी चार रोज झोपला न्हाई."

"झोपेचा काय संबंध?"

"मला बी आमचं मालक गेल्यावर पंधरा दिस घरात गाडीचा हारन ऐकू यायचा. आमच्याकडं गाडीच नवती."

सायलीनं मला गरम दूध आणून दिलं. योगेश हळूच म्हणाला, "पप्पा, होतं असं. पुण्याला एक चांगले डॉक्टर आहेत." टेम्पो महिनाअखेरीचा ठरला.

म्हणजे प्रश्न साधा होता. गोळा खरा ठरला तर कावळा घाबरला, कावळा घाबरला तर वचन लागू नाही, आणि वचन लागू नाही तर मी घरी. मला फक्त एक साक्षीदार पाहिजे होता.

पहिल्यांदा मी शेजारी मुजफ्फरकडं गेलो. मुजफ्फर माझ्याबरोबर वायरमन होता. तो पोलवर चढायचा, मी खालून सांगायचो, लाईन बंद आहे, आणि तो तारेला हात घालायचा. कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. उलट घरात मला काडीची किंमत नव्हती. गावात गॅस आला त्याला सव्वीस वर्षं झाली. घरातून निघताना कडूबाई रोज विचारायची, गॅस बंद केला का? मी म्हणायचो, केला. मग ती चपला काढून परत आत जायची आणि स्वतः बघून यायची. अकरा हजार व्होल्टच्या लाईनला माझा शब्द चालत होता, शेगडीला चालत नव्हता.

मुजफ्फर दहाव्याला माझ्या पाठीमागंच उभा होता. मी विचारलं, "तू बघितला का?"

"नाही," तो म्हणाला. "माझी नजर खाली होती. पण तू म्हणतो तर गेला असंल."

"तसं लिहून देशील?"

"लिहून कसं देणार? मी बघितलाच नाही ना, आबा."

विश्वास आणि साक्ष यातला हा फरक मला नोकरीत कळला नव्हता.

मग मी तलाठी कार्यालयात गेलो. तिथं निकिता मॅडम आहेत. वयानं लहान आहेत, कॉम्प्युटर त्यांच्यापेक्षा थोरला वाटतो. मी म्हणालो, आकाशातून गोळा गेला, पंचनामा पाहिजे. त्यांनी न हसता ऐकून घेतलं, हे त्यांचं मी कधी विसरणार नाही.

"नुकसान काय झालं?"

"काही नाही."

"घर, गोठा, पीक, जनावर?"

"एक कावळा घाबरला."

"कावळा पशुधनात येत नाही, काका." त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवली. "आणि नुकसानीत शून्य टाकलं तर हे पुढंच जात नाही. बघा." त्यांनी शून्य टाकलं. पुढं गेलं नाही. आम्ही दोघांनी थोडा वेळ त्या शून्याकडं बघितलं. "शिवाय पंच लागतात. त्यांनी पाहिलेलं पाहिजे."

"पंच असते तर मी तुमच्याकडं आलो असतो का?"

त्यांना माझी दया आली असावी. त्यांनी नगरच्या त्यांच्या जुन्या कॉलेजातल्या एका सरांचा नंबर दिला. सर भौतिकशास्त्र शिकवतात आणि असल्या गोष्टींची नोंद ठेवतात.

सरांना मी तिथूनच, कार्यालयाबाहेरच्या लिंबाखाली उभं राहून फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं. रंग विचारला, वेळ विचारली, आवाज किती वेळानं आला ते विचारलं. मी घड्याळ बघितल्याचं सांगितलं तेव्हा म्हणाले, "वा. शंभरात एक माणूस घड्याळ बघतो." गोळा दिसल्यापासूनच्या दहा दिवसांत माझ्याशी कुणी माणसासारखं बोललं नव्हतं, सगळे आजाऱ्यासारखं बोलत होते. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना आमच्या गावाला लाईन येते त्या फीडरचं नावही सांगितलं.

"उल्का होती," सर म्हणाले. "दिवसा दिसली म्हणजे चांगली मोठी. पण एकट्याच्या सांगण्यावर नोंद पक्की होत नाही. दुसरा साक्षीदार शोधा. आणि तोवर दिशा मोजून ठेवा. त्याच वेळी, त्याच जागी उभे राहा. हात सरळ लांब करा, मूठ आवळा. झाडांची ओळ दिसते तिथून सुरुवात करून मुठीवर मूठ ठेवत वर जा. गोळा दिसला तिथपर्यंत किती मुठी होतात ते सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ चाळीसला मी घाटावर हजर झालो. तिथं दुसऱ्या कुणाचा तरी दहावा चालू होता. हे मी आधी लक्षात घ्यायला पाहिजे होतं. घाट त्याच्यासाठीच आहे. पण त्याच वेळी आणि त्याच जागी असं सर म्हणाले होते आणि मी कामात हयगय करणारा माणूस नाही. मी लोकांच्या कडेनं गेलो, माझ्या जागेवर उभा राहिलो, पश्चिमेकडं तोंड केलं, हात लांब केला आणि आकाशाला मूठ दाखवली. मग त्या मुठीवर दुसरी मूठ. मग पहिली काढून दुसरीवर. आकडा चुकू नये म्हणून मोठ्यानं मोजत होतो.

चौथ्या मुठीला माझ्या लक्षात आलं की मागं अगदी शांत झालं आहे. वळून बघितलं तर सगळा दहावा माझ्याकडं बघत होता. चिंचेवर एकही कावळा नव्हता.

त्या घरचा एक म्हातारा माझ्याजवळ आला. माझा हात धरून हळूहळू खाली केला. म्हणाला, "भाऊ, तुमचं दुःख आमाला कळतं. पर देवावर राग कुठवर काढणार? आमचा कावळा येऊ द्या."

मी सांगायला लागलो की मी मोजतोय. तो म्हणाला, "मोजा, मोजा. घरी जाऊन मोजा."

तोवर साडेचार मुठी भरल्या होत्या. मी वहीत लिहिलं. पण दुपारपर्यंत सगळ्या गावात झालं होतं की आबासाहेब घाटावर देवाला बुक्क्या दाखवतो आणि किती मारणार ते आकड्यात सांगतो. माझ्याकडं बघून दुकानदार साखर वजनापेक्षा जरा जास्त घालायला लागला. न्हाव्यानं दाढीचा वस्तरा माझ्यापासून लांबच ठेवला आणि मशीन फिरवलं. चिडलेल्या माणसाशी लोक भांडतात, त्याला उत्तर देता येतं. दया करणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावं ते मला अजून माहीत नाही.

संध्याकाळी योगेशचा फोन आला.

"पप्पा, तुम्ही देवाला बुक्क्या दाखवत होता?"

"बुक्क्या नाही. मुठी. मोजायचं होतं."

"काय मोजत होता?"

"आकाश."

मग टेम्पोची तारीख महिनाअखेरीवरून येत्या रविवारवर आली.

रविवारी सकाळी योगेश, सायली, बनाबाई आणि टेम्पो, सगळे एकदमच पोचले. मी फार बोललो नाही. बोललो की दूध मिळत होतं. कपाट गेलं, खाट गेली, टीव्ही गोधडीत गुंडाळून टेम्पोच्या तोंडाशी ठेवला. सायली डबे काढायला लागली तेव्हा मी मुजफ्फरकडं चहाला गेलो.

मुजफ्फर म्हणाला, "मिळाला का रे कुणी?"

"नाही. काल सरांचा परत फोन आला होता. विचारत होते, जमिनीवर सावल्या हललेल्या कुणी बघितल्या का. गोळा तेवढा उजळ असला तर सूर्याची एक आणि गोळ्याची एक अशा दोन सावल्या पडतात म्हणे. सावल्या कोण बघतं दहाव्याला?"

आतून मुजफ्फरची बायको, जहिराभाभी आल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळं त्या घाटावर आल्या नव्हत्या. कडूबाईची आणि त्यांची तीस वर्षांची बैठक. रोज दुपारी तीन ते चार.

"सावल्या फिरतात की," भाभी म्हणाल्या. "माझ्या व्हिडिओत फिरतात. मला वाटलं, ह्यांचा हात हलला."

"कुठला व्हिडिओ?"

मुजफ्फर खाली बघायला लागला. "हिला येता येत नव्हतं. हिनं मोबाईल दिला होता, शेवटचं तेवढं घेऊन या म्हणून. दहाव्याला असं शूटिंग करणं बरं दिसत नाही, म्हणून मी कुणाला बोललो नाही. आणि त्यात वरचं काहीच नाही आबा, फक्त पान आहे आणि कावळा."

"मला वाटलं तू फोनवर बोलतोय," मी म्हणालो.

"मला तरी कुणी विचारलं का?" भाभी म्हणाल्या. "तुम्ही तलाठ्याकडं गेला, नगरला फोन केला. दोन पावलांवर मी बसलीय."

मी मोबाईल घेऊन तसाच घरी आलो. मोबाईलवर सगळ्यांना दिसणार नाही म्हणून टीव्ही पाहिजे होता, आणि टीव्ही टेम्पोत होता. तेव्हा टेम्पोतच लावायचा असं ठरवलं. घरातून वायर ओढली, जोड दिला, गोधडी काढली. एवढं काम मला अजून येतं. सायलीनं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. योगेश म्हणत होता, पप्पा, उशीर होतोय. पण टेम्पोत टीव्ही लागलेला बघून तोवर आजूबाजूचे वीसेक लोक जमले होते आणि ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून पुढं येऊन बसला होता.

चित्र दिसायला लागलं. पान, पिंडं, आमचे पाय. कावळा पानावर होता. आणि एकाएकी चित्र जरा पांढुरकं झालं. मग प्रत्येकाच्या पायाला दोन-दोन सावल्या. एक जागेवर उभी, दुसरी घड्याळाच्या काट्यासारखी फिरत गेली आणि विझली. चार सेकंद.

मग ड्रायव्हर म्हणाला, "आयला, खरंच हुतं की."

मी योगेशकडं बघितलं, सायलीकडं बघितलं, न्हाव्याकडं बघितलं. बारा दिवसांनी मी शर्टाची कॉलर नीट केली.

"पाव्हणं," बनाबाई म्हणाल्या, "गोळा खरा. माझं चुकलं. पर कावळा आधीच पानावर हाय. उजेड मागून पडला."

सायलीनं मागं घेऊन परत लावलं. कावळा आधीच पानावर होता. आणखी एकदा लावलं. कावळ्यानं भातात चोच घातली, चांगला एक घास खाल्ला, आणि मग उजेड पडला. तो घाबरून आला नव्हता. उलट उजेड पडल्यावर घाबरून उडाला.

म्हणजे मी गोळा सिद्ध केला होता आणि खटला हरलो होतो. योगेशनं ड्रायव्हरला खूण केली. मी वायर काढायला वाकलो.

"थांबा," मुजफ्फरच्या खांद्याला धरून जहिराभाभी टेम्पोपर्यंत आल्या होत्या. "पहिल्यापासून लावा. आणि आवाज मोठा करा. मी रोज ऐकते."

सायलीनं पहिल्यापासून लावलं. योगेशचं वचन ऐकू आलं, रडणं ऐकू आलं. कावळा आला नाही. योगेश मागं सरला. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू. लोक आपापसात बोलायला लागले. तिथं तीसेक सेकंद गेले. सगळ्यांसारखंच मलाही वाटत होतं की वचन आणि कावळा एकामागोमाग झाले. तसं नव्हतं. मग पडद्यावर माझे पाय पुढं आले. मी पानाजवळ वाकलो, वाऱ्यानं उलटलेली पानाची कड सरळ केली, आणि माझा आवाज आला, एकदम जवळून.

"गॅस बंद केलाय. मी बघून आलोय."

कावळा उतरला.

मी हे बोलल्याचं मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. घरातून निघालो की ते वाक्य आपोआप तोंडातून जातं.

सायली तोंड फिरवून डबे ठेवलेल्या पोत्याकडं बघत होती. योगेशनं चष्मा काढून पुसला. मग ड्रायव्हरला म्हणाला, "कपाट आधी उतरवा. टीव्ही शेवटी."

बनाबाई मात्र कपाळाला आठ्या घालून हिशोब लावत होत्या. "पर पाव्हणं, गॅस कुठं बंद हुता? मीच त्याच्यावर भात ठिवून आल्ते. आचाऱ्याच्या दोन शेगड्या येगळ्याच."

हे खरं होतं. त्या दिवशी घरात दीडशे माणसांचा स्वयंपाक चालू होता. मी स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नव्हतं.

सव्वीस वर्षं मी बघून खरं सांगत होतो आणि ती चपला काढून परत आत जात होती. एकदाच न बघता सांगितलं, आणि तिनं तेवढं मानलं.

दुपारी सरांना व्हिडिओ पाठवला. साडेचार मुठी आणि सावल्या जुळतात असं त्यांनी कळवलं. डबे मी स्वतः फळीवर लावले, जिरं हळदीच्या डब्यातच आहे. बनाबाईंनी पिशवीतून पैठणी काढून सायलीला दिली आणि घडी मोडू नको म्हणून तीनदा सांगितलं. पाच वाजून वीस मिनिटांनी टेम्पो रिकामा निघाला. मागून योगेशची गाडी निघणार होती. मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला म्हणून घराबाहेर आलो, कडी लावली.

योगेश फाटकापाशी थांबला.

"पप्पा, गॅस बंद केला ना?"

"केला."

त्यानं बूट काढले आणि आत जाऊन बघून आला.